पलीकडून लावलेले कुलूप

किल्ली ओतीलियाच्या तळहातावर ठेवली गेली, तेव्हा कोणीही तिच्या डोळ्यांत पाहिले नाही.

वीतभर लांबीची ती लोखंडी किल्ली बर्फासारखीच थंड होती. पहिला बर्फ आदल्या दिवशीच पडला होता. दर वर्षी तो पडला, की येणाऱ्या रविवारी डोंगर चढणाऱ्यांच्या गिरिमंडळाची माणसे पायथ्याच्या लाकडी फाटकापाशी जमत, त्याला कुलूप लावीत, कोबीचे आंबट सूप पीत आणि वसंतापर्यंत डोंगराचा निरोप घेत. किल्ली फिरवण्याचा मान एकालाच मिळे. तो कोणाला द्यायचा, हे मंडळ ठरवी. का द्यायचा, हे मात्र कोणी बोलत नसे. ज्याचे गुडघे थकले, त्याच्या हाती किल्ली. इतरांसाठी डोंगर वसंतात पुन्हा उघडे. किल्ली फिरवणाऱ्यासाठी पुढच्या वर्षी सुपाच्या हंड्याशेजारी एक खुर्ची मांडलेली असे.

गेल्या वर्षी मान गेझाचा होता. आज तो खुर्चीत बसून पळी हलवत होता.

"ये गं ये," तो म्हणाला. "इथं बरं असतं. पाय गरम, नाक गरम. फक्त माणूस तेवढा थंड पडतो."

लोक हसले. ओतीलिया हसली नाही. पन्नास हिवाळे तिने खिडकीशी बसून काढले होते. समोर डोंगर पांढरा होत जाई आणि तिला वाटे, बंद दारापलीकडे आपलेच कोणी हलक्या आवाजात बोलते आहे. शब्द कळत नाहीत, पण बोलणे आपल्याविषयीच आहे. तरी वसंत येणार, हे ठाऊक असे. त्या भरवशावर खिडकीही सोसवत असे. यंदा जुलैत ती ओल्या खडकावरून घसरली आणि मनगट मोडले. मनगट महिन्याभरात जुळले. मंडळाचे मत मात्र त्याच दिवशी कायमचे ठरले.

"मावशी, पिशवी दे ना इकडे," व्हेंडेलिन म्हणाला. तो तिच्या बहिणीचा मुलगा आणि मंडळाचा अध्यक्ष. "बाप रे, केवढी जड! अक्रोडाचे रोल भाजलेस की दगड?"

"दोन्ही," ती म्हणाली. पण पिशवी सोडली नाही.

व्हेंडेलिनने कागद न पाहता भाषण केले. तिच्या पावलांनी वाटा कशा घडल्या, हे सांगताना त्याला मधेच थांबून डोळे पुसावे लागले. त्याची माया खोटी नव्हती, हेच तिला सर्वांत जड जात होते. दुष्टपणाशी भांडता येते. मायेने मांडलेल्या खुर्चीशी कसे भांडावे?

"चल मावशी. फिरव किल्ली. सूप निवतंय."

ओतीलिया फाटकापाशी गेली. मोकळी कडी हातात घेऊन ती थांबली. वर देवदारांच्या रांगेवर धुके उतरत होते आणि एकाही पावलाने न मोडलेली वाट त्यात शिरत होती. तिने पिशवी खाली ठेवली. अक्रोडाचे रोल काढून गेझाच्या मांडीवर दिले. मग तळाशी हात घालून बर्फात चालायला बुटांना बांधायचे लोखंडी दात बाहेर काढले, खाली वाकली आणि एकेक पट्टा शांतपणे आवळला.

"हे काय चाललंय?" व्हेंडेलिनने विचारले.

तिने फाटक उघडले, पलीकडे पाऊल टाकले आणि मागे वळून ते ओढून घेतले. कडी बसली. किल्ली फिरली. कुलपाचा आवाज साऱ्या दरीत ऐकू गेला.

"मावशी! तू चुकीच्या बाजूला उभी आहेस!"

"नाही रे बाळा. आजवर जिथं उभी होते, ती बाजू चुकीची होती." तिने किल्ली खिशात टाकली. "रीत मोडलेली नाही. कुलूप लागलंय. मी खिंडीतून पलीकडच्या गावात उतरते आणि संध्याकाळच्या बसने येते. सूप ठेव माझ्यासाठी."

"आणि पडलीस तर?"

"तर पडेन. खुर्चीतूनसुद्धा माणसं पडतात."

ती चालू लागली. ताज्या बर्फावर लोखंडी दातांचे ठसे उमटत गेले. व्हेंडेलिन फाटकाच्या फळ्या गच्च धरून उभा राहिला.

गेझा मात्र खुर्चीतून उठला. त्याने पळी व्हेंडेलिनच्या हातात दिली, एक रोल खिशात घातला, टोपी कानांवर ओढली आणि फाटकाच्या खांबाला वळसा घालून पलीकडे गेला.

तिथे कुंपण कधीच नव्हते.