अर्ध्या मिनिटाची भर

बाबा रेडिओसाठी युद्धाच्या बातम्या लिहायचे. एके दिवशी बातमीपत्र अर्धं मिनिट कमी पडत होतं, पण भर घालण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी नातीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तो आवाज अजून कानात होताच. चहा पिता पिता त्यांनी ठोकून दिलं, 'शत्रू गावागावांतल्या तळघरांत भोंगे लावून पोरांच्या रडण्याचं रेकॉर्डिंग वाजवतोय. जवानांनो, कळवळा येऊन आत गेलात, तर घात झालाच म्हणून समजा!'

साहेब बेहद्द खूश. बातमी महिनाभर रोज वाजली.

मग आघाडीवरचा मुलगा रजेवर आला. पाळण्यात त्याची लेक टाहो फोडत होती, पण हा जागचा हलला नाही.

"अरे, घे की तिला," आई म्हणाली. "आणि काय रे, तिकडे बाबांच्या बातम्या ऐकायला मिळायच्या का?"

"रोज. कॅप्टनसाहेब सगळ्यांना बसवून ऐकवायचे." त्यानं पहिल्यांदाच बाबांकडे पाहिलं. "एका गावात तळघरातून रडणं ऐकू आलं, तेव्हा आम्ही आत डोकावलोसुद्धा नाही. वरूनच बॉम्ब टाकले."

बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

"बाबा, त्या भोंग्यांना वीज लागत असेल ना?"

"लागणारच की," बाबा मान वर न करता म्हणाले.



"गावाची वीज तर आम्ही आदल्या दिवशीच तोडली होती."