येलहंक्याचा एकुलता श्रोता

“स्वल्प थांबा, अक्का,” आप्पाजी फोनवर म्हणाले, आणि कावेरीबाई वाक्याच्या टोकाशी थांबल्या.

हे आता रोजचंच झालं होतं. चार ओळी वाचल्या की थांबायचं. मग पलीकडून, फोन झाकल्यासारखी, नुसती पुटपुट ऐकू यायची. म्हातारा माणूस, एकट्याचं घर, ऐकलेलं मनाशी घोळवत असेल बिचारा. कानानंही अधू असणार. म्हणून बाई सावकाश वाचायच्या, आवाज चढवून वाचायच्या.

कानडी मुलखातल्या जे. पी. नगरातलं मराठी मंडळाचं वाचनालय आठ महिने बंद होतं. गळकं छत पाडून नवं घालायचं काम निघालं, पुस्तकं खोक्यांत गेली, दाराला कुलूप लागलं. ग्रंथपाल कावेरीबाईंना मात्र घरी स्वस्थ बसवेना. चाळीसेक पुस्तकं त्यांनी आपल्या घरी आणली आणि सभासदांना कळवलं, ‘रोज दुपारी तीन ते चार फोनवर या, मी वाचून दाखवते.’

पहिल्या आठवड्यात अकरा जण आले. मग कुणाकडे नातवंडं आली, कुणाला दुपारची झोप आवरेना. उरले ते आप्पाजी. मूळचे निपाणीचे, बायको गेलेली, मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्यात. बाईंनी त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

बाईंचे वडील कीर्तनकार. त्यामुळे वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हेच. आधी नमन, मग दोन ओळी गाऊन कालच्या कथेचा धागा जुळवायचा, मग पुढचं आख्यान. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा. “समोर एकच श्रोता असला तरी कीर्तन आखडतं घ्यायचं नाही,” वडील म्हणत. “देव मागच्या रांगेत बसलेला असतो.”

“हं, वाचा पुढं,” आप्पाजी म्हणाले. “पण ते ‘काळजाला घरं पडली’ म्हणजे नेमकं काय हो?”

“अहो आप्पाजी, तुम्ही मराठी शाळेत शिकलात ना!”

“शिकलो की. पण तुम्ही कसं सांगता ते ऐकायचंय.”

बाईंनी सांगितलं. पुन्हा पुटपुट.

“आणि सासू मनानंच वाईट, की नुसती तोंडाळ?”

“तोंडाळ. मनानं लोणी.”

“सरी, सरी. मग बरं.”

पुढं सासू शेणात घसरून पडते तो प्रसंग आला. आप्पाजी लगेच खो खो हसले. थोड्या वेळानं पाठीमागून मोठा हशा ऐकू आला.

“टीव्ही बारीक करा हो जरा!” बाई म्हणाल्या.

“करतो, अक्का. फार वात्रट आहे टीव्ही.”

त्याच संध्याकाळी मंडळाचे चिटणीस रघुनंदन एक कागद घेऊन आले. चहा घेतला, पण नजर काही वर उचलेनात.

“कावेरीताई, उद्या सकाळी सभा आहे. फोनवरच्या वाचनाला दहा तरी श्रोते दाखवायला हवेत, सह्यांसकट. नाहीतर ते बंद, आणि इमारत उभी राहीपर्यंत तुमची जागाही बंद.”

“श्रोता एकच आहे.”

“तेच म्हणतोय. नऊ नावं घाला. मी घालतो हवं तर. आमच्या हिची सही तर मला झोपेतही जमते.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. “व्यासपीठावर उभं राहून हरिकथा सांगणाऱ्याची लेक मी. असतील तितकेच लिहीन.”

“एका बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी नोकरी घालवणार?”

“एका श्रोत्यासाठी. सभा सकाळी अकराला ना? मग दुपारचा शेवटचा अध्याय तरी माझ्याकडून कोण काढून घेतंय?”

“अहो, पण सही?”

“त्यांना आठला फोन करून विचारते आणि ‘एक’ असं लिहून पाठवते.”

रघुनंदन दारात घुटमळले. “सभा परवावर ढकलतो,” ते शेवटी म्हणाले. “उद्या त्यांची सही तरी घेऊन या. एक तर एक. मी भांडून बघतो.”

दुसऱ्या दिवशी बाई इरकल नेसल्या, पुस्तक पिशवीत घातलं आणि दोन बस बदलून येलहंक्याला पोचल्या. सुनेचं पुढं काय होतं हे आप्पाजींना समोर बसवून सांगायचं आणि मगच निरोप घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. नोकरी गेली तरी चालेल, पण आख्यान अर्धं टाकायचं नाही.

सभासदांच्या वहीतला पत्ता शोधत त्या देवळामागच्या एका लांबलचक पत्र्याच्या शेडपाशी आल्या. तीन वाजले होते. म्हाताऱ्याला चकित करावं म्हणून त्यांनी बाहेरूनच फोन लावला, नमन केलं आणि पहिली ओळ वाचली.

त्यांचाच आवाज पत्रा हादरवत आतून बाहेर आला.

पाठोपाठ दुसरा आवाज उठला. तीच ओळ, कानडीत, तसाच हेल काढून, सासूची तीच कुरकुर घेऊन.

बाईंच्या हातातला फोन खाली आला. त्यांनी दार ढकललं.

मोगरा आणि शेवंतीच्या राशींभोवती साठ-सत्तर बायका पायाच्या अंगठ्यात दोरा धरून हार ओवत बसल्या होत्या. मध्ये एका स्टुलावर भजनाचा स्पीकर होता, त्याला जोडलेला फोन रुमालाखाली झाकलेला. शेजारी धोतर नेसलेले एक आजोबा डोळे मिटून, टाळ्या वाजवत आख्यान रंगवत होते. सगळ्या शेडमध्ये कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता.

दाराजवळच्या म्हातारीनं हार ओवता ओवताच बाईंचा पदर ओढला आणि कानडीत दटावलं, “उजेड अडवू नकोस गं, मुकाट खाली बस. आमची अक्का आत्ता पुढचं वाचेल!”