फाटकापर्यंत

पडद्यावर दिगंबरने पुन्हा एकदा झेंडूचा हार उचलला, आणि हेमांगीने खुर्ची पुढे ओढली.

दिगंबर, तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या कारखान्याच्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक कामगार जुन्या कॅमेऱ्यांतल्या दृश्यांवरून जसाच्या तसा उभा केलेला होता, अगदी सवयींसकट. वादळ आलं, गॅस गळला, तर कोण काय करेल हे त्यात दिसायचं, आणि त्यावरून नव्या कारखान्यांचे धोके ठरायचे. ते ठरवणं हेमांगीचं काम होतं.

चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला दिगंबरने सगळ्या यंत्रांबरोबर गळती हेरणाऱ्या गॅस डिटेक्टरलाही कौतुकाने हार घातला होता. फुलांनी त्याचं तोंड बुजलं, गळती कळलीच नाही आणि स्फोटात तोही गेला.

आज तिने पडद्यावरच्या दिगंबरला तोच हार शेजारच्या खांबाला घालायला लावला. भोंगा वेळेवर वाजला. सगळे बाहेर पळाले. दिगंबरही डबा घेऊन फाटकापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"मॅडम, सगळे वाचले!" सहकारी तांबोळी म्हणाला. "डिटेक्टरला हार नको, असं अहवालात टाकतो."

"टाका."

"पण दिगंबरदादा फाटकात का थांबलेत?"

"पुढचा रस्ता आपण काढलाच नाही ना. मॉडेल तिथेच संपतं."

तांबोळी जेवायला गेला. हेमांगीने आराखडा उघडला आणि फाटकाबाहेर रस्ता काढायला घेतला. नाक्यावरचं वळण, पाण्याची टाकी, मग त्यांची चाळ.

घराचं दार तिने उघडंच काढलं.