एका ताईची चौकशी

“ती ताई तुमच्याकडे चार वर्षं होती म्हणे. कशी आहे कामाला?”

संचालिकेने हातातलं पेन खाली ठेवलं. चार महिने ती याच प्रश्नाची वाट बघत होती. आज ना उद्या कोणीतरी विचारायला येणारच होतं.

समोर बसलेल्या बाई साठीच्या होत्या. नवीन पाळणाघर काढतेय, मुख्य ताई म्हणून तिचा अर्ज आलाय, एवढं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. दुपारची वेळ. शेजारच्या खोलीत सतरा मुलं गाद्यांवर झोपली होती. मदतनीस एका किरकिऱ्या पोरीला थोपटत बसली होती. त्यामुळे इकडे सगळं दबक्या आवाजात चाललं होतं.

त्या ताईने संचालिकेला पार तोंडघशी पाडलं होतं. एका सोमवारी ती आलीच नाही. फोनही उचलला नाही. मंगळवारी कळलं, की जाण्याआधी ती फाटकाशी उभी राहून आईबापांचे कान भरून गेली होती. दुधात पाणी घालतात, लंगोट वेळेवर बदलत नाहीत, बाई नुसती खुर्ची उबवतात. आठवड्याभरात नऊ मुलं गेली. भिंतीवरचे नऊ कप्पे रिकामे झाले. त्यांच्यावरची नावं संचालिकेने मुद्दाम काढली नव्हती. येता-जाता ती वाचायची आणि दात आवळायची.

“कामाला ना?” ती गोड हसली. “हात चांगला चालतो तिचा.”

“म्हणजे?”

“मुलांवर चालतो.”

मग तिने सगळं सांगितलं. गेल्या वर्षीची गोष्ट. एक दीड वर्षाचा मुलगा होता. दुपारी झोपायचा नाही, बाकीच्यांना उठवायचा. एके दिवशी ताईचं डोकं फिरलं. तिने त्याला आडवं पाडलं आणि मांडीवर फाडकन दिली. पाचही बोटं उमटली.

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“या डोळ्यांनी. त्या दाराच्या काचेतून.”

“तरी ठेवलीत तिला?”

“माणसं मिळतात कुठे? तुम्हालाही कळेलच आता.”

“आणि घरच्यांना काय सांगितलंत?”

इथे संचालिकेने थांबायला हवं होतं. पण चार महिन्यांचं साचलेलं होतं, आणि समोरची बाई आता आपल्यातलीच होणार होती. तिने खुर्ची जरा पुढे सरकवली.

“तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. सकाळची नोंदवही कायम हाताशी ठेवा. मूल आलं, की त्याच्या अंगावरचा ओरखडा न् ओरखडा त्यात लिहायचा असतो. मी त्या दिवशीच्या पानावर सकाळच्या रकान्यात लिहून टाकलं, ‘घरून येतानाच मांडीवर वळ.’ संध्याकाळी आईपुढे पान धरलं. आई म्हणजे अगदी गरीब गाय. नुसती रडत राहिली, मी नाही हो मारलं, मी नाही मारलं. वडिलांनी पानाचा फोटो काढून नेला. मिटलं प्रकरण. पोरगा काय सांगणार होता? त्याला धड ‘दूध’ म्हणता यायचं नाही.”

पाहुण्या बाईंनी चष्मा काढला. पदराने काचा पुसल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

“तिने मारल्याचं लिहून द्याल?” त्यांनी विचारलं. “माझ्या हातात काहीतरी असलेलं बरं. आणि मुलाचं नावही घाला, म्हणजे तिला नाकबूल करता येणार नाही.”

संचालिकेला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने पाळणाघराचं नाव छापलेला कागद ओढला. नोंदवहीबद्दल अर्थातच तिने एक अक्षर लिहिलं नाही, तेवढी ती पक्की होती. तारीख, दुपारची वेळ, मुलाचं नाव, ताईचं नाव. शेवटी लिहिलं, ‘हे मी स्वतः पाहिलं आहे.’ ‘स्वतः’खाली रेघ मारली. सही केली. शिक्का पुसट उठला, म्हणून पुन्हा एकदा नीट दाबून मारला. आता बघते, मनात म्हणाली, कोण तुला दारात उभं करतं ते.

बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या उठल्या. संचालिका त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“मग? कधी सुरू करताय पाळणाघर?”

“मी पाळणाघर काढत नाहीये,” बाई म्हणाल्या. आत मुलं झोपली होती, म्हणून आवाज अजूनही दबकाच होता. “तो मुलगा माझा नातू. सोडायला-न्यायला सून यायची, म्हणून तुम्ही मला ओळखलं नाहीत. तुमच्या त्या पानाचा फोटो बघून मीच तिला घराबाहेर काढलं. पोटच्या पोराला मारणारी आई नको म्हणाले. वर्ष झालं, पोराला आई दिसली नाही.”

संचालिकेचा हात कडीवरच राहिला.

“गेल्या आठवड्यात दुपारी त्याला झोपवत होते. त्याने दोन्ही हातांनी मांडी झाकली आणि म्हणाला, ‘ताई, नको.’ आता बोलायला लागलाय तो.”

त्यांनी पर्सची चेन ओढली.

“आधी सुनेच्या दारात जाते. तिचे पाय धरते. मग तो फोटो आणि हा कागद घेऊन आम्ही दोघी मिळून तुमच्याकडे येतो.”