कोरडा बोल्ट

ट्रकच्या डाव्या शॉकअपचा बोल्ट पाच मिनिटांत निघाला. उजवा गंजून असा चिकटला होता, की शिवदास पान्याला पाइप लावून लोंबकळला तरी तसूभर हलेना.

तीन वर्षांपूर्वी याच ट्रकची एकेक बाजू दोघा भावांनी बसवली होती. शिवदासनं उजवा बोल्ट घाईत कोरडाच ठोकला. धाकटा रंगनाथ डाव्याला बोटानं ग्रीस चोपडत बसला होता.

"हळद लावतोस काय रे नवऱ्याला? असल्या कामानं गॅरेज बुडेल. नीघ!" शिवदास खेकसला होता. आणि रंगनाथ खरंच निघून गेला.

"मिस्त्री, बोर्डावर 'बंधू' लिहिलंय. दुसरा कुठंय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मेला."

"काहीतरीच! फाट्यावर पंक्चर काढतोय की. म्हणाला, उजवा बोल्ट अडणार. अडला, तर दादाला म्हणावं, एक हाक मार."

शिवदासनं हाक मारली नाही. त्यानं गॅस पेटवून बोल्ट कापला. त्यात अख्खी दुपार गेली.

मग नवा बोल्ट घेऊन तो ट्रकखाली आडवा झाला आणि बोटानं त्याला ग्रीस चोपडत राहिला, सावकाश, सगळ्या आट्यांना. हळद लावतोस काय, म्हणून खेकसायला कोणी नव्हतं.