बसम्मा, बा

टेप लावायच्या आधी फादर शिमोन यांनी खिडकी ओढून घेतली. लातूर जिल्हा झाल्यापासून त्या गल्लीत सरकारी जीपगाड्यांचा नुसता सुळसुळाट होता. जो तो इथं ऑफिस थाटत होता. कॅथलिक विद्यापीठाच्या संशोधन संस्थेनंही थाटलं होतं, भाड्याच्या दोन खोल्यांत. एका खोलीत पुस्तकं, दुसरीत टेपांचं लोखंडी कपाट. लोक त्याला पाद्र्याची लायब्ररी म्हणायचे.

समोर उमादेवी बसली होती. निलंग्याहून सकाळच्या यष्टीनं आलेली, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. नवरा शंकरप्पा तिला दारात सोडून मोंढ्याकडे गेला होता. तिची आई शांतम्मा वारली, त्याला काही वर्षं झाली होती आणि घरात आईचा साधा फोटोसुद्धा नव्हता. मोठ्या दुष्काळात फादर गावोगाव हिंडून जात्यावरची गाणी भरून घेत होते, त्यात आईचंही गाणं आहे, असं तिला भावाकडून कळलं, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. आईचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

फादर जालन्याकडचे, मोठे मायाळू. पण बोलायला लागले की गाडी थांबायची नाही. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. या टेपा उद्याच विद्यापीठात जाणार. तिथं त्यांची पक्की नक्कल होणार आणि मग या जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरणार. नकलेत गाणं तेवढं ठेवायचं. खोकला, कोंबड्या, भांड्यांचा खणखणाट, बायांचं आपापसातलं बोलणं, सगळं कापायचं, असा नियम. तिथं जगभरातले विद्वान येऊन बसतात, त्यांना आपल्या कोंबड्या कशाला ऐकवायच्या?

उमादेवीनं मान हलवली. विद्वानांचं विद्वानांना ठाऊक.

टेप फिरू लागली. आधी जात्याची घरघर, मग आई. बेलाच्या पानाचं गाणं, त्या मुलखातल्या सगळ्याच बाया म्हणतात ते. आवाज मात्र आईचाच, जरा घोगरा, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. उमादेवीनं हाताची बोटं एकमेकांत घट्ट धरली. गाणं अर्ध्यावर आलं आणि जातं न थांबवता, त्याच चालीत, आई म्हणाली, “बसम्मा, बा. नीर बंतु.” आणि पुन्हा एकदा, लांबवून, “बसम्माऽ, बा.”

उमादेवीला काही सुधरेना. बसम्मा म्हणजे ती स्वतःच की! बाजारात मराठी बोलणारी आणि पोरांना घरात कानडीतून हाक मारणारी तिच्या माहेरची माणसं. बसम्मा, ये, पाणी आलं. वेशीत टँकर आला होता, आईच्या जात्यात रेशनची लाल मिलो ज्वारी पडलेली होती आणि पोरगी कोरड्या ओढ्यात सागरगोटे खेळत होती. पुढं लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर ‘उमादेवी’ लिहिलं आणि बसम्मा तिथंच संपली. आई तेवढी मरेपर्यंत त्या नावानं हाक मारायची. आई गेली, हाकही गेली.

फादरनी खटका दाबला. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. कानडीच्या एका प्राध्यापकांकडून त्यांनी अर्थ काढून आणला होता. दुष्काळात जात्यावर बसलेली बाई पाण्याच्या देवीला बोलावते आहे, केवढी मोठी गोष्ट! त्यावर त्यांनी एक लेखही लिहिला होता आणि टेपेच्या डबीवर या ओळीपुढं लाल शाईनं ‘ठेवणे’ असं लिहिलं होतं. फक्त या देवीचं देऊळ निलंगा तालुक्यात कुणाला दाखवता येईना, तेवढं एक टोचत होतं.

“उमाताई, खरं काय ते सांगा,” ते म्हणाले. “ही कोणती देवी? नुसतं घरातलं बोलणं असेल, तर मला ते काढायला सांगावं लागेल.”

तिला त्या नियमाचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. गाणं काय, शेजारची बसली जात्यावर तर ती पण म्हणेल. ही हाक दुसरीकडं कुठं मिळणार होती? पण उमादेवी सरळ बाई. खोटं बोलायचं तिच्या जिभेला वळण नव्हतं, त्यातून समोर देवाधर्माचा माणूस.

“देऊळ न्हाई तिला,” ती शेवटी म्हणाली. “आमच्या घरातलीच हाय ती. आईची लई माया होती तिच्यावर.”

म्हणजे कुलदेवी, असं म्हणत फादरनी घाईघाईनं कागद ओढला आणि लिहिलं. लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, की हाक मारल्यावर ती यायची का?

“त्या दिवशी न्हाई आली, फादर. खेळत होती.” उमादेवीनं पदरानं तोंड पुसलं. “आज आली.”

फादरचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग डबीवरच्या लाल अक्षरांकडं पाहिलं. पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं, टेप मागं फिरवली आणि खटक्यावर बोट ठेवून विचारलं,

“आवाज मोठा करू?”