तात्सुओचे बूट
हिदाका आता जपानच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता, पण तात्सुओच्या घरी चहा पिताना त्याला विषय काढवेना. दोघं एकाच संघातून खेळले, एकाच जहाजाने लढाईवर गेले. परतला हिदाका एकटाच. दारात तात्सुओने शेवटचे काढून ठेवलेले खेळायचे बूट तसेच होते, घराकडे तोंड करून. तात्सुओची आई ते आठ वर्षं रोज पुसायची, पण वळवायची नाही. तिथली रीतच अशी, बाहेर तोंड करायचं ते निघणाऱ्याच्या जोड्यांचं. “किती वाळलास रे! चेंडूच लाथ मारेल तुला,” ती म्हणाली. “काकू, आज रात्री संघाचं जहाज सुटतंय. बाजारात बूट नाहीत. एका खेळाडूचा पाय तात्सुओएवढाच...” म्हातारी उठून गेली. चुकलंच आपलं, असं वाटून हिदाका दाराशी आला. त्याच्या जोड्यांशेजारी तात्सुओचे बूटही बाहेर तोंड करून ठेवले होते. “निघा आता दोघं. जहाज चुकेल.”